चुंबकीय क्षेत्रात आकारस्मृती मिश्रधातूची ताठरता कशी मोजावी: निकेल-मँगनीज-गॅलियमसाठी पायरीवार मार्गदर्शक

निकेल-मँगनीज-गॅलियमच्या ऑस्टेनाइट, म्हणजे जास्त तापमानाच्या घनाकार जाळीच्या अवस्थेतला सी-प्राइम हा स्थितिस्थापक स्थिरांक (जाळी तिरकी सरकवायला होणारा एक विरोध) शोधायला गेलात, तर १९९०च्या दशकातल्याच दोन प्रसिद्ध मोजमापांत दोन वेगळे आकडे भेटतात. एकीकडे सुमारे २२ गिगापास्कल, दुसरीकडे ४.५. मोजणारे दोन्हीकडचे कसलेले. सी-४४ हा दुसरा शिअर स्थिरांक दोघांचाही १०० गिगापास्कलच्या थोडा वर, म्हणजे जवळपास सारखाच. घोळ आहे तो सी-प्राइममध्ये, आणि नेमका तोच स्थिरांक या धातूचा सगळा खेळ चालवतो. फरकाचं खापर एकट्या चुंबकत्वावर फोडता येणार नाही. रचनेत एखाद्या टक्क्याचा फरक पडला तरी सी-प्राइम हलतो. पण नवशिक्याने यातून एक गोष्ट गाठीला बांधावी: या धातूत ताठरतेचा आकडा एकटा येत नाही. कुठल्या अवस्थेत, किती तापमानाला आणि किती क्षेत्रात मोजला, हे सोबत नसेल तर तो आकडा वापरू नये.

हा लेख एमएस्सी प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात हे मोजमाप हाती घेणाऱ्यांसाठी आहे. साधा विद्युतचुंबक, अल्ट्रासाउंडचा पल्सर-रिसीव्हर, तापमान नियंत्रक आणि दाबचाचणीचं यंत्र एवढं असलं की काम भागतं.

आधी कळून घ्या: क्षेत्र नेमकं काय बदलतं

निटिनॉलवर काम करणाऱ्यांना ही डोकेदुखी नसते. निकेल-टायटॅनियम लोहचुंबकीय नाही. त्याला एक टेस्लाच्या क्षेत्रात ठेवा नाहीतर बाहेर, ताठरता तीच. निकेल-मँगनीज-गॅलियम हा ह्युस्लर कुळातला. फ्रिट्झ ह्युस्लर यांनी १९०३ मध्ये तांबं, मँगनीज आणि अॅल्युमिनियम यांतून लोहचुंबक घडवला, त्या कुळातला हा भाऊ. दोन भाग निकेल, एक भाग मँगनीज, एक भाग गॅलियम या नेमक्या रचनेत त्याचं क्युरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व जातं) सुमारे ३७६ केल्विन असतं आणि मार्टेन्साइट, म्हणजे थंड केल्यावर येणारी विकृत जाळीची अवस्था, साधारण २०२ केल्विनला सुरू होतं. म्हणजे खोलीच्या तापमानाला तो ऑस्टेनाइट आहे आणि लोहचुंबकही आहे.

अशा धातूवर क्षेत्र लावलं की मोजलेली ताठरता तीन वेगळ्या वाटांनी बदलू शकते. या तीन वाटा एकमेकींत मिसळल्या की प्रबंधाचं एक प्रकरण वाया जातं, म्हणून त्या नीट पाहा.

पहिली वाट जाळीची. चुंबकन आणि अणूंची जाळी एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे चुंबकन वाढलं की जाळीच काही अंशी ताठर होते. हा खरा, धातूच्या आतला परिणाम.

दुसरी वाट डोमेनची. क्षेत्र नसताना धातूत चुंबकनाचे वेगवेगळ्या दिशांचे तुकडे असतात. तुम्ही प्रतिबल लावलं की ते थोडे वळतात, आणि त्या वळण्याने चुंबकविरूपणाची जास्तीची विकृती येते. तेवढ्याच प्रतिबलाला जास्त विकृती मिळाली, म्हणजे धातू मऊ भासला. संपृक्त होण्याइतकं, म्हणजे सगळं चुंबकन एकाच दिशेला आणण्याइतकं, क्षेत्र लावलं की वळायला कुणी उरत नाही आणि ही मऊ बाजू नाहीशी होते. लोखंडात आणि निकेलमध्ये हा परिणाम फार पूर्वीपासून माहीत आहे. पाठ्यपुस्तकात त्याला डेल्टा-ई म्हणतात. निकेल-मँगनीज-गॅलियमच्या ऑस्टेनाइटमध्ये चुंबकन वळवायला फारसा जोर लागत नाही आणि सी-प्राइम आधीच मऊ असतो, म्हणून तो इथे दुर्लक्षून चालत नाही.

तिसरी वाट फक्त मार्टेन्साइटमधली. तिथे ट्विनच्या, म्हणजे एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असलेल्या जाळीच्या पट्ट्यांच्या, सीमा सरकतात. ही स्थितिस्थापकता नव्हेच, पण प्रतिबल-विकृतीच्या आलेखावर ती तसंच सोंग घेते. सगळ्यात मोठे आकडे हीच वाट देते आणि सगळ्यात जास्त फसवतेही तीच.

पायरी १: सॅम्पलची कुंडली मांडा

रचना आधी मोजा, मागवलेली रचना धरून बसू नका. वितळवताना मँगनीज उडून जातं. रूपांतराचं तापमान संयुजा-इलेक्ट्रॉन प्रति अणू या गुणोत्तरावर अवलंबून असतं. निकेलचे १०, मँगनीजचे ७ आणि गॅलियमचे ३ धरून सरासरी काढा. नेमक्या २:१:१ रचनेत ती ७.५० येते. निकेल ५०, मँगनीज २८.५, गॅलियम २१.५ घेतलं तर ७.६४ येते, आणि असा धातू खोलीच्या तापमानालाच मार्टेन्साइट असतो. दुसऱ्या दशांशात केवढा फरक पडतो ते यावरून ध्यानात येईल.

मग डीएससीवर (तापवताना-थंड करताना उष्णतेची देवघेव मोजणारं यंत्र) रूपांतराची चारही तापमानं काढा: मार्टेन्साइट सुरू, मार्टेन्साइट पूर्ण, ऑस्टेनाइट सुरू, ऑस्टेनाइट पूर्ण. त्यावर न थांबता कमी क्षेत्रातलं चुंबकन किंवा एसी ससेप्टिबिलिटीही (छोट्या उलटसुलट क्षेत्राला चुंबकन देतं तो प्रतिसाद) तापमानासोबत मोजा. मार्टेन्साइट झाल्यावर चुंबकन वळवायला जड जातं, म्हणून कमी क्षेत्रातला सिग्नल तिथे झपकन खाली येतो. क्युरी तापमान याच आलेखातून मिळतं. नेमक्या रचनेजवळचा धातू असेल तर साधारण २६० केल्विनला एक छोटी खळगीही दिसते. तो मार्टेन्साइटआधीचा बदल. न्यूट्रॉन प्रकीर्णनात तिथे ११० दिशेची (घनाच्या तोंडाच्या कर्णाला समांतर) एक आडवी फोनॉन, म्हणजे जाळीच्या कंपनांची, शाखा ०.३३ च्या जवळ मऊ होताना दिसली आहे, आणि बार्सिलोनाच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की हा बदल घडवण्यात चुंबकत्व आणि जाळी यांच्या जोडणीचाच हात आहे. तुमच्या मोजमापाच्या पट्ट्यात हा बदल येत असेल तर आधीच माहीत असलेला बरा.

पायरी २: स्फटिक कापा, ११० तोंडांनी

एकल स्फटिक मिळत असेल तर क्ष-किरणांच्या लाउए छायाचित्राने दिशा ठरवा आणि समोरासमोरची दोन तोंडं ११० ला लंब ठेवून वायर-कटवर कापा. ११० निवडायचं कारण हिशेबी आहे. या एका दिशेने तीन लाटा सोडता येतात आणि घन जाळीचे तिन्ही स्थिरांक हाती येतात. घनता गुणिले वेगाचा वर्ग केला की:

- अनुदैर्घ्य लाटेतून सी-११, सी-१२ आणि दुप्पट सी-४४ यांच्या बेरजेचा अर्धा भाग,
- ००१ दिशेला डोलणाऱ्या शिअर लाटेतून थेट सी-४४,
- आणि त्याला काटकोनात डोलणाऱ्या शिअर लाटेतून थेट सी-प्राइम, म्हणजे सी-११ आणि सी-१२ यांच्या फरकाचा अर्धा.

आकडे घालून पाहू, म्हणजे ऑसिलोस्कोपवर काय शोधायचं ते कळेल. घनता ८१५० किलो प्रति घनमीटर आणि स्फटिक ६ मिलिमीटर जाड धरा. सी-४४ जर १०२ गिगापास्कल असेल तर वेग सेकंदाला साधारण ३५४० मीटर आणि जाऊन-येऊन वेळ ३.४ मायक्रोसेकंद. सी-प्राइम ५ गिगापास्कल असेल तर वेग फक्त ७८० च्या आसपास आणि वेळ १५ मायक्रोसेकंदांहून थोडी जास्त. एकाच धातूत, एकाच दिशेने जाणारी, एकाच प्रकारची लाट, फक्त डोलण्याची दिशा वेगळी आणि वेगात साडेचार पट फरक. ट्रान्सड्यूसर थोडा तिरका बसला तरी वेगवान लाट आत शिरते आणि तिचे प्रतिध्वनी मंद लाटेच्या आधी येऊन बसतात. नवखा माणूस त्यांनाच सी-प्राइम समजतो. ट्रान्सड्यूसर हळूहळू ९० अंश फिरवा. एक प्रतिध्वनींची माळ मावळून दुसरी उगवताना दिसली तरच दिशेवर विश्वास ठेवा.

सी-प्राइमच्या मागे एवढं का लागायचं? १०० दिशेचा यंग मापांक जवळजवळ तिप्पट सी-प्राइमएवढाच असतो म्हणून. वरचे २२ गिगापास्कल घेतले तर यंग मापांक ६२ च्या आसपास येतो, ४.५ घेतले तर १३. म्हणजे क्षेत्राने सी-प्राइमला हात लावला की १०० दिशेने कापलेल्या काठीची ताठरता त्याच प्रमाणात हलते.

ट्रान्सड्यूसर चिकटवण्याबद्दल दोन शब्द. शिअर लाट पातळ द्रवातून जात नाही, त्यामुळे पाणी किंवा हलकं तेल चालत नाही. फिनाइल सॅलिसिलेट, म्हणजे सॅलॉल, वितळवून थेंब टाकला आणि थिजू दिला की उत्तम जोड बसतो, पण तो ४२ अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा वितळतो. क्युरी तापमानापर्यंत जायचं असेल तर तो उपयोगाचा नाही, उच्च तापमानाचा दाट कप्लंट लागेल. खोलीच्या तापमानाला घट्ट मधही चालतो. ही थट्टा नव्हे, प्रयोगशाळांत तो वापरतात.

आणखी एक: ट्रान्सड्यूसरचं आवरण, कनेक्टर, स्प्रिंग, स्क्रू यांत कुठेही लोखंड किंवा निकेलचा मुलामा नको. हातात छोटा चुंबक घेऊन प्रत्येक भाग तपासा. बाजारात मिळणारे बरेच कनेक्टर या परीक्षेत नापास होतात.

पायरी ३: क्षेत्राचा हिशेब लावा

चुंबकाच्या पॅनेलवर दिसणारं क्षेत्र आणि सॅम्पलच्या आतलं क्षेत्र एक नसतं. सॅम्पलची स्वतःची टोकं उलट क्षेत्र तयार करतात आणि ते आकारावर ठरतं. संपृक्त चुंबकन ०.६ टेस्ला धरलं, तर घनाकृती तुकड्यात त्यातले सुमारे ०.२ टेस्ला खर्ची पडतात. पातळ चकतीला लंब क्षेत्र लावलंत तर जवळजवळ पूर्ण ०.६. त्यामुळे दोन सॅम्पलांची तुलना पॅनेलवरच्या क्षेत्रावर करू नका. आतलं क्षेत्र काढा, किंवा सरळ चुंबकनावर आलेख काढा.

शून्य क्षेत्राचं मोजमापही नीट हवं. सॅम्पल क्युरी तापमानाच्या वर तापवून क्षेत्राविना थंड करा, किंवा उलटसुलट क्षेत्र हळूहळू कमी करत शून्यावर आणा. आदल्या दिवशीचं चुंबकन उरलेलं असेल तर शून्य हे शून्य नसतं.

पायरी ४: ऑस्टेनाइटमध्ये क्षेत्र वाढवत जा

तापमान स्थिर करा, क्षेत्र थोडंथोडं वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर वेळ मोजा. बदल लहान असतो, म्हणून नुसत्या कर्सरने भागणार नाही. दोन प्रतिध्वनी एकमेकांवर बसवून मोजण्याची पद्धत वापरा, म्हणजे दहा हजारांत एक इतका फरक दिसतो. वेग अर्धा टक्का वाढला तर स्थिरांक एक टक्का वाढतो. इतक्या बारकाईत सॅम्पलची लांबीही क्षेत्राने बदलते हे विसरू नका. विकृतीमापक लावून ती दुरुस्ती करा.

काय दिसायला हवं? बार्सिलोनाच्याच गटाने १९९९ मध्ये क्षेत्रात मोजून दाखवलं की स्थिरांक क्षेत्रासोबत वाढतात आणि संपृक्ततेला येऊन थांबतात. हे थांबणं महत्त्वाचं. चुंबकन संपृक्त झालं आणि तरीही तुमचा वक्र वर चढतोच आहे, तर बहुधा तुम्ही क्षेत्र नव्हे, तापमान मोजताय. विद्युतचुंबकाची गुंडाळी तापते, ती उष्णता सॅम्पलपर्यंत जाते, आणि मार्टेन्साइटआधीच्या बदलाजवळ सी-प्राइम तापमानाला फारच हळवा असतो. थर्मोकपल सॅम्पललाच चिकटवा, होल्डरला नव्हे.

याला एक खात्रीची कसोटी आहे. क्षेत्राची दिशा उलटी करा. स्थिरांकाला क्षेत्राचं चिन्ह कळत नाही, अधिक ०.५ टेस्ला आणि उणे ०.५ टेस्ला इथे आकडा तोच यायला हवा. आला नाही तर काहीतरी सरकतंय: तापमान, कप्लंट नाहीतर स्वतः सॅम्पल. ही कसोटी फुकटची आहे आणि तरी शोधनिबंधांत ती फार कमी दिसते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पायरी ५: दोन वक्र, एक क्षेत्राविना आणि एक संपृक्त

माझ्या मते हा या सगळ्या मोजमापाचा गाभा. क्युरी तापमानाच्या वरून सुरुवात करून थंड करत सी-प्राइम दोनदा मोजा: एकदा क्षेत्राविना, एकदा पूर्ण संपृक्त करणाऱ्या क्षेत्रात. क्युरी तापमानाच्या वर दोन्ही वक्र जवळजवळ एकावर एक बसतात. खाली आल्यावर ते फाकतात. त्या फटीत डोमेनची वाट दिसते. संपृक्त वक्र जो उतार दाखवतो, तो जाळीच्या स्वतःच्या मऊ होण्याचा. प्रागच्या ऊष्मायांत्रिकी संस्थेत आणि भौतिकशास्त्र संस्थेत अशाच मार्गाने ऑस्टेनाइटचं मऊ होणं दोन भागांत फोडलं गेलं: एक रचनेचा, एक चुंबक-स्थितिस्थापक जोडणीचा. त्यांनी त्यासाठी छोट्या तुकड्याचे सगळे अनुनाद एकदम टिपणारी अल्ट्रासाउंड पद्धत वापरली. ती तुमच्याकडे असेल तर उत्तम, कारण एकाच तुकड्यातून सगळे स्थिरांक एका बैठकीत निघतात. नसेल तर साध्या प्रतिध्वनींनीही हे दोन वक्र मिळतात.

सोबत क्षीणनही नोंदवा. क्षेत्राविना प्रतिध्वनी दोन-तीनच दिसतात आणि संपृक्त केल्यावर माळ लांबते, असं झालं तर लाटेची ऊर्जा डोमेनच खात होते याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा.

पायरी ६: मार्टेन्साइट, जिथे "मापांक" हा शब्द जपून वापरायचा

१९९६ मध्ये उल्लाक्को आणि सहकाऱ्यांनी या धातूच्या स्फटिकात ०.८ टेस्लाला जवळजवळ ०.२ टक्के विकृती मिळवली. २००० साली ती ६ टक्क्यांवर गेली, २००२ मध्ये सात थरांच्या रचनेत साडेनऊवर. हे आकडे जाळी ताणल्याचे नाहीत, ट्विनच्या सीमा सरकल्याचे आहेत. जाळीचा छोटा अक्ष हाच चुंबकनाचा सोपा अक्ष असतो, म्हणून क्षेत्र ज्या दिशेला, त्या दिशेला छोटा अक्ष वळवायची चढाओढ सुरू होते.

आधी सॅम्पल एकाच व्हेरियंटमध्ये आणा, म्हणजे छोटा अक्ष सगळीकडे एकाच दिशेला हवा. लांब बाजूने दाबा, छोटा अक्ष दाबाच्या दिशेला येतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली चारही बाजू पाहा. एक जरी पट्टा उरला असेल तर पुन्हा दाबा.

आता दाबाच्या दिशेला काटकोनात क्षेत्र लावा. छोटा अक्ष क्षेत्राकडे वळू पाहतो आणि सॅम्पल लांब होतं. तुम्ही दाबता, क्षेत्र विरोध करतं. विरोधाची कमाल किती, ते पाटीवर काढता येतं. अॅनिसोट्रॉपीची ऊर्जा (चुंबकन सोप्या अक्षावरून वळवायला लागणारी) घनमीटरला १ लाख ७० हजार ज्यूल आणि विकृती ०.०६ धरली, तर भागाकार २.८ मेगापास्कल येतो. ट्विनची सीमा सरकवायला लागणारं प्रतिबल चांगल्या स्फटिकात १ मेगापास्कल किंवा कमी असतं. म्हणजे पुरेशा क्षेत्रात दाबताना सपाट पट्टा ३.८ च्या आसपास आणि सोडताना १.८ च्या आसपास. क्षेत्राचा जोर सीमेच्या अडवणुकीपेक्षा जास्त असल्यामुळे दाब काढल्यावर सगळी विकृती परत येते. क्षेत्राविना हाच तुकडा दाबलात तर तो दबलेलाच राहतो.

इथेच चूक होते. या सगळ्या वक्रातून एकच रेषा काढली तर ३ मेगापास्कल भागिले ०.०६, म्हणजे ५० मेगापास्कल "मापांक" मिळतो. रबराच्या जवळ जाणारा. धातूचा खरा मापांक गिगापास्कलमध्ये आहे आणि तो सपाट पट्टा सुरू होण्याआधीच्या पहिल्या उभ्या रेषेत आहे. ती रेषा इतकी छोटी असते की यंत्राची स्वतःची लवचीकता तिच्यात मिसळते. म्हणून मार्टेन्साइटची जाळीची ताठरता दाबयंत्रावर काढूच नका, ती अल्ट्रासाउंडने काढा. दाबचाचणीतून सपाट पट्ट्याची उंची, क्षेत्रासोबत तिचं सरकणं आणि परत येणाऱ्या विकृतीचं प्रमाण घ्या. तीच तिची खरी कमाई.

सॅम्पल पकडून ठेवा हे वेगळं सांगायला नको. मार्टेन्साइट तुकडा क्षेत्रात मोकळा सोडला तर तो ध्रुवाकडे झेप घेतो, आणि हा धातू ठिसूळ आहे.

पायरी ७: रूपांतराजवळ असाल तर थांबा

क्षेत्राने रूपांतराचं तापमानही सरकतं. निकेल-मँगनीज-गॅलियममध्ये ते टेस्लाला साधारण एक केल्विन किंवा कमी, आणि वरच्या बाजूला. याच्या नात्यातल्या, गॅलियमऐवजी इंडियम असलेल्या धातूंत मात्र चित्र उलटं. काइनुमा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या निकेल ४५, कोबाल्ट ५, मँगनीज ३६.७, इंडियम १३.३ या धातूत मार्टेन्साइट जवळजवळ अचुंबकीय असतं आणि ऑस्टेनाइट लोहचुंबक. क्षेत्र लावलं की ऑस्टेनाइट टिकून राहतं आणि रूपांतर टेस्लाला चार केल्विनहून थोडं जास्त खाली जातं. ७ टेस्लाला तीस केल्विन! अशा धातूत रूपांतराजवळ क्षेत्र वाढवताना मापांक एकदम उडी घेतो, पण त्या उडीत अवस्थाच बदललेली असते. तिला "क्षेत्रामुळे मापांकात वाढ" म्हणणं चुकीचं. चुंबकन सोबत मोजत राहिलात तर दोन्ही उड्या एकाच क्षेत्राला येताना दिसतील आणि वाद मिटेल.

या नात्यातल्या धातूंवर आपल्याकडेही बरंच काम झालेलं आहे. गोवा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सोबतीने निकेल-मँगनीज धातूंच्या अणूंची जवळची मांडणी क्ष-किरण शोषणातून तपासली गेली. ताठरतेचे वक्र समजून घेताना ते निकाल जवळ ठेवण्याजोगे आहेत.

एकल स्फटिक नसेल तर

बहुतेकांची हीच अडचण. आर्कभट्टीत वितळवलेलं बटण बऱ्याच वेळा उलटंपालटं करून पुन्हा वितळवा, मग आर्गॉन भरलेल्या सीलबंद क्वार्ट्झ नळीत ८०० ते १००० अंश सेल्सियसला दिवसचे दिवस ठेवा. त्यातून पातळ पट्टी कापा, एक टोक पितळी किंवा तांब्याच्या चिमट्यात पकडा आणि कंपनाची वारंवारता मोजा. मापांक वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे जातो. वारंवारता अर्धा टक्का बदलली की मापांक एक टक्का.

क्षेत्र पट्टीच्या लांबीला समांतर ठेवा. आडवं लावलंत तर वाकलेल्या पट्टीला क्षेत्र स्वतःच ओढतं, आणि तो चुंबकीय आघूर्ण स्प्रिंगसारखा वारंवारता हलवतो; मापांकाशी त्याचा संबंध नसतो. समांतर ठेवूनही तो पूर्ण जात नाही. म्हणून त्याच मापाची साध्या निकेलची पट्टी त्याच चिमट्यात, त्याच क्षेत्रात आधी मोजा. निकेलचा डेल्टा-ई परिणाम पुस्तकांत दिलेला आहे. तुमचा आकडा त्याच्याशी जुळेपर्यंत मिश्रधातूची पट्टी चिमट्यात लावू नका.